पुरं तिकीट काढणारा फुकट्या

कालच्या कऱ्हाड-सातारा प्रवासात भर एसटीत मला फुकट्या ठरवण्यात आलं. ठरवणाऱ्याने स्वतः पुरं तिकीट काढलेलं नव्हतं. मी काढलं होतं, आणि उभा होतो.

खरं तर जागा मी खिडकीतून रुमाल टाकून धरली होती. आजोबांनी तो रुमाल उचलला, त्याने सीट पुसली, बसले आणि घडी करून मला परत दिला. वर "पंच्याहत्तर पूर्ण" म्हणत आधार कार्ड दाखवलं. कंडक्टर अजून यायचा होता, मलाच दाखवलं.

75 वर्षांपुढच्यांना 2022 पासून एसटी मोफत, बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट. जानेवारी 2025 मध्ये भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं. (पाच पैशांची लाज राखणारा हा आकडा चपलेच्या दुकानातून आणला असावा.) शून्य 14.95 टक्क्यांनी वाढलं तरी शून्यच राहतं, त्यामुळे आजोबा शांत होते. शून्य रुपयांचं तिकीट त्यांनी पाकिटात जपून ठेवलं आणि गाडी स्टँडबाहेर पडताच जाहीर केलं, "हे राज्य रेवड्यांनी बुडणार!"

नगरपालिकेच्या निवडणुकीची हवा होतीच. गाडी सरसावून बसली.

"नऊ लाख बत्तीस हजार कोटी!" आजोबा म्हणाले. "राज्याचं कर्ज! मार्च 2025 च्या बजेटात छापलंय. डोकी किती? अकरा कोटी चोवीस लाख, 2011 ची. नंतर कुणी मोजलीच नाहीत. म्हणजे डोक्याला त्र्याऐंशी हजार. ह्या बाईंवर त्र्याऐंशी. कंडक्टरवर त्र्याऐंशी. ड्रायव्हरवर..." इथे त्यांनी आवाज खाली घेतला. बिचारा गाडी चालवत होता.

"आजोबा, तुमचं तिकीट कितीचं?" रिकामी पाटी मांडीवर घेतलेल्या मावशींनी विचारलं.

"शून्याचं. पण काढलंय!"

"म्हंजे फुकाटच की."

"फुकट कसं? सवलत आहे ती. माझे पैसे सरकार एसटीला देतं."

"आन् सरकार कुठनं आणतंय?"

"कर्ज काढून! तेच तर मघापासून सांगतोय!"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी कंडक्टरकडे पाहिलं. कंडक्टर सुट्टे मोजत होता.

मग मागच्या बाकावरचे दोन कार्यकर्ते पेटले. एकाच्या मते लाडक्या बहिणीचे 1500 चे 2100 करणं हे सबलीकरण, आणि समोरच्यांनी निवडणुकीत कबूल केलेले 3000 म्हणजे दिवाळखोरी. दुसऱ्याच्या मते नेमकं उलट. "36 हजार कोटी वाटताय!" असं दुसरा ओरडत होता, ज्याच्या पक्षाला त्याच्या दुप्पट वाटायचे होते. मग त्यानेच 2019 काढलं. कंपन्यांचा कर 30 वरून 22 टक्क्यांवर, एका वर्षात 1 लाख 45 हजार कोटी जातील, हा सरकारचाच अंदाज. "कंपनीला दिलं की प्रोत्साहन आणि ह्या मावशीला दिलं की रेवडी?" मावशी म्हणाल्या, "माझं नाव मधी घालू नका, माझा हप्ता अडकंल."

उंब्रज गेलं. एवढ्यात आजोबांची नजर माझ्या गळ्यातल्या ऑफिसच्या कार्डावर पडली.

"नोकरदार?"

"हो."

"बारा लाखांपर्यंत इन्कम टॅक्स माफ झाला. तुम्ही भरता?"

माझा पगार बारा लाखांच्या आसपासही फिरकत नाही, हे एसटीत उभ्याउभ्या सांगायची गोष्ट आहे का? मी म्हणालो, "प्रोफेशनल टॅक्स भरतो."

"किती?"

"दोनशे. महिन्याला."

गाडी हसली. मी चिडून म्हणालो, "फेब्रुवारीत तीनशे!" त्यावर ड्रायव्हरसुद्धा हसला.

आता यात हसण्यासारखं काय आहे? राज्यघटनेनेच वर्षाची मर्यादा 2500 घातलीय, म्हणून वर्षातल्या सर्वांत छोट्या महिन्यात शंभर जास्त कापतात. हा कर 1975 साली रोजगार हमीसाठी बसवला. दुष्काळात खडी फोडणाऱ्यांना मजुरी मिळावी म्हणून शहरातल्या पगारातून कपात, हा त्यातला सौदा. तेव्हा कुणी कुणाला फुकट्या म्हटल्याचं ऐकलं नाही. शिवाय साबण, पेट्रोल, बिस्किटं यांवर कर मीही भरतो आणि मावशीही भरतात. बजेटात 45,891 कोटींची महसुली तूट दाखवणारे मागच्या बाकावर नव्हतेच, ते एसटीने जात नाहीत. पण हे सगळं मला आत्ता, घरी बसून सुचतंय. तेव्हा मी फक्त "जीएसटी..." एवढंच म्हणालो आणि गाडी खड्ड्यातून गेली.

"म्हणजे सगळ्यात मोठे फुकटे तुम्हीच," आजोबांनी निकाल दिला. दोन्ही कार्यकर्त्यांचं कालच्या दिवसात एवढ्या एकाच मुद्द्यावर एकमत झालं.

साताऱ्यात त्यांची पिशवी मीच खाली उतरवली. कुठे निघालात, विचारलं.

"बँकेत. नोव्हेंबर ना! हयातीची सही करायचीय. पाटबंधारे खात्याची पेन्शन आहे."

"सरकारी?"

"हक्काची," ते म्हणाले आणि जाताजाता वळले. "त्या त्र्याऐंशी हजारांचं मात्र तुम्ही बघा हं. माझं काय, आज आहे, उद्या नाही."