मिठी गटार नाही, आणि विहारचं धरण फुटलं नव्हतं

माझी भाची नववीत आहे. भूगोलाच्या प्रकल्पासाठी जवळची एखादी नदी घ्यायची होती, तिने मुंबईतली मिठी नदी घेतली. रविवारी वही दाखवायला आली. पहिल्याच पानावर पट्टीने अधोरेखित केलेलं वाक्य होतं: ‘मिठी ही नदी नसून इंग्रजांनी सांडपाण्यासाठी खणलेला नाला आहे.’ कुठून आणलंस हे, असं विचारलं तर म्हणाली, “मावशी, आजोबांनी पाठवलं.”

आजोबा म्हणजे माझे बाबा. कुर्ल्यात तळमजल्यावर राहतात. २६ जुलै २००५ च्या महापुराची रात्र त्यांनी आणि आईने पोटमाळ्यावर गुडघे पोटाशी घेऊन काढली होती. त्यांच्यासारख्या माणसालाही हा मजकूर पटला आणि त्यांनी तो नातीला पाठवला. म्हणून हे लिहायला बसले आहे.

फोनवर फिरणारा हा मजकूर अनेकांकडे आला असेल. थोडक्यात त्यात असं आहे: मिठी हा इंग्रजांनी खणलेला नाला, ‘नदी’ हे नाव २००५ नंतर निधी लाटण्यासाठी दिलं, २६ जुलैला विहारचं धरण फुटलं आणि ते दडपलं गेलं, बाकीचा दोष प्लास्टिकच्या पिशव्यांचा, आणि उपाय काय, तर नाल्यावर स्लॅब टाकून वरून रस्ता काढा. शेवटी ‘सहमत असाल तर पुढे पाठवा’.

आधी खणण्याचं बघू. मिठी सुमारे १८ किलोमीटर वाहते. विहार आणि पवई या दोन तलावांचं ओसंडून येणारं पाणी एकत्र होतं, साकीनाका, विमानतळ, कुर्ला, कलिना असं करत वांद्रे-कुर्ला संकुलाला वळसा घालतं आणि धारावीच्या कडेने माहीमच्या खाडीत जातं. वाटेत वाकोल्याचा नाला तिला मिळतो. पाणलोट क्षेत्र सुमारे ७३ चौरस किलोमीटर. डोंगरावर पडलेलं पाणी उतार शोधत समुद्राला मिळतं, त्याला कुणी खणावं लागत नाही.

आता तारखा. विहारचं बांधकाम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६० मध्ये तिथून मुंबईला नळाने पाणी मिळू लागलं. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याची ती योजना. त्या वेळच्या इंग्रजी कागदांत या वरच्या प्रवाहाचं नाव गोपर असं येतं. वाहत्या पाण्याला बांध घातला म्हणून तलाव झाला. नदीच नव्हती तर इंग्रजांनी अडवलं काय? पवईचा तलाव त्यानंतरचा, १८९१ चा.

खालच्या टोकाचा पुरावा तर आणखी जुना आहे. माहीमची खाडी ही मुंबई बेट आणि साष्टी, म्हणजे आजची उपनगरं, यांच्यातली हद्द होती. अलीकडे इंग्रज, पलीकडे वांद्र्याला आधी पोर्तुगीज आणि वसईच्या मोहिमेनंतर मराठे, असा तो काळ. आजही शहर जिल्हा आणि उपनगर जिल्हा यांची सीमा तिथेच आहे. माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता १८४५ मध्ये झाला, अवाबाई जमशेटजी यांनी त्यासाठी दीड लाखाहून जास्त रुपये दिले. त्याआधी लोक होडीने पलीकडे जात. होडी चालते ते पाणी सांडपाण्याचं गटार असतं का?

आणि मराठीत नाला म्हणजे ओढ्याचाच भाऊबंद. गावाकडे कुणी म्हणतं का, आमच्या शिवारातला नाला आजोबांनी खणला? खणतात ते गटार. मजकूर लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं गटार, पण तसं लिहिलं असतं तर कुणी मानलं नसतं, म्हणून नाला लिहिलं. नाव कमी दर्जाचं दिलं की त्यावर काहीही बांधायला मोकळं.

‘२००५ नंतरच नदी झाली’ यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करते. त्या पुरापूर्वी मिठी हे नाव मुंबईत फार थोड्यांच्या तोंडी होतं. कुर्ल्यात आम्हीही ‘नाल्यापलीकडे’ असंच म्हणायचो. पूर ओसरल्यावर ऑगस्ट २००५ मध्ये मिठी नदी विकास आणि संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं आणि नाव पेपरात रोज यायला लागलं. उन्हाळ्यात मिठीत वाहतं ते बहुतेक सांडपाणी, हेही खरं. पण का? उगमाचं पाणी दीडशे वर्षांपूर्वी आपण दोन बांधांनी अडवलं आणि खाली सगळी गटारं तिच्यात सोडली. आपण तिचं जे केलं, त्यावरून ती मुळात काय होती हे ठरत नाही.

पैशांचं म्हणाल तर संशय निराधार नाही. गाळ काढण्याच्या कामात सुमारे ६५ कोटींचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला. त्याची चौकशी व्हावी, दोषी सापडले तर शिक्षा व्हावी. पण गाळाच्या बिलात गडबड झाली म्हणून नदी खोटी ठरत नाही. गाळ खरा आहे, पाणी खरं आहे.

आता धरणफुटीकडे येते, कारण माझा संताप इथे आहे.

विहारचं धरण फुटलेलं नाही. १८६० पासून उभं आहे, आजही शहराला पाणी देतं, आणि पाऊस चांगला झाला की भरून वाहतं, तेव्हा टीव्हीवर त्याची बातमी येते. फुटलेलं धरण दर पावसाळ्यात भरून वाहत नाही. एवढ्यावर हा मुद्दा संपायला हवा होता. पण बाबा म्हणाले, “मग एवढं पाणी आलं कुठून?” प्रश्न रास्त आहे, म्हणून भाचीच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही तिघांनी बसून हिशेब केला.

२६ जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. विहारच्या परिसरात त्याहूनही जास्त. ७३ चौरस किलोमीटरच्या पाणलोटात सगळीकडे ९४४ मिलिमीटर धरला तर पाणी होतं जवळजवळ ६.९ कोटी घनमीटर. विहार तलावाची पूर्ण क्षमता आहे सुमारे २.७७ कोटी घनमीटर. म्हणजे त्या दिवशी आकाशातून मिठीच्या खोऱ्यात जे उतरलं, ते जवळपास अडीच विहार होते. धरण फुटायची गरजच नव्हती. त्याच दिवशी कुलाब्यात फक्त ७३ मिलिमीटर पडला, म्हणून दक्षिण मुंबईतल्या लोकांना संध्याकाळपर्यंत पत्ताही नव्हता आणि ‘एवढं पाणी नक्कीच कुठून तरी सोडलं’ ही समजूत पक्की झाली. त्यात दुपारी समुद्राला मोठी भरती होती. वरून लोंढा, खालून भरती, मधे कुर्ला.

भाचीने भागाकार दोनदा तपासला. बाबा काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले.

आणि हा मुद्दा नुसता चुकीचा नाही. ही अफवा नवी नाही. २८ जुलै २००५ च्या रात्री, पूर ओसरत असताना, धरण फुटलं, समुद्र आत येतोय अशी हूल उठली. विलेपार्ले-जुहूकडच्या नेहरूनगर वस्तीत लोक अंधारात चिंचोळ्या गल्ल्यांतून पळाले आणि चेंगराचेंगरीत पंधराहून अधिक माणसं मेली. त्यात मुलं होती. ती माणसं पुरातून वाचली होती. कोरड्या जागी उभी असताना अफवेने मारली गेली. तीच अफवा आज ‘दडपलेलं सत्य’ म्हणून फोनवर फिरते. पुढच्या मोठ्या पावसात, रात्री दोन वाजता, लाइट गेलेली असताना हा मजकूर एखाद्या चाळीच्या ग्रुपवर पुन्हा आला तर काय होईल? पाठवणाऱ्यांपैकी एकाने तरी क्षणभर हा विचार केला का?

प्लास्टिकचं लवकर संपवते. पिशव्यांनी छोटी गटारं तुंबतात, तुंबली होती, आणि त्या पुरानंतरच राज्यात पातळ पिशव्यांवर निर्बंध आले. पण अडीच विहार पिशव्यांमुळे तुंबले नाहीत.

राहिला स्लॅब. मजकूर ज्यासाठी लिहिला आहे असं मला वाटतं, तो हा. ‘नाला बंदिस्त करा, दुर्गंधी जाईल, वरून रस्ता मिळेल.’ नाक दाबून पुलावरून जाणाऱ्या कुणालाही हे बरं वाटेल, मलाही त्या वासाचा उबग येतो.

पण मिठीचा खालचा भाग अर्धा नदी आणि अर्धी खाडी आहे. भरतीला समुद्राचं पाणी वांद्रे-कुर्ला संकुलाच्याही आत चढतं. कुर्ल्याच्या पुलावर भरतीच्या वेळी दहा मिनिटं उभं राहा: पाण्यावरची थर्माकोलचा तुकडा, नारळाची करवंटी, सुकलेला हार हळूहळू उलट, साकीनाक्याच्या दिशेने सरकताना दिसतो. म्हणजे त्या वेळी नदीला पुढे जायला वाट नसते. वरून पाऊस येत असतो. अशा वेळी पाण्याला हवी असते ती वर आणि बाजूला पसरायला जागा. तिच्यावर झाकण ठेवलं तर पाणी जाणार कुठे? बाबांच्या घरात. शिवाय बंद पेटीतला गाळ काढायला आत यंत्रं उतरवायची कशी?

आणि हा प्रयोग एका जागी आधीच झालेला आहे. विमानतळाच्या धावपट्टीखालून मिठी नेलेली आहे, काटकोनात वळणं देऊन. पुरानंतर राज्य सरकारने जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. १९९३ चा स्टॉकहोम जलपुरस्कार मिळालेला हा माणूस, त्यांना पाण्याचं कुणी शिकवायची गरज नाही. समितीच्या २००६ च्या अहवालात विमानतळाजवळचा हा अडथळा आहे, काठांवरची अतिक्रमणं आहेत, भराव घालून आक्रसलेलं पात्र आहे. शिफारस काय, तर पात्र रुंद करा, खोल करा, अडथळे काढा. मजकुरातला उपाय याच्या नेमका उलटा आहे. जिथे आज वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती आहेत तिथे १९७० च्या दशकापर्यंत दलदल आणि तिवरं होती. भरती आणि पूर एकत्र आले की पाणी तिथे पसरून थांबायचं. ती जागा गेली. उरलेल्या पात्रावर झाकण घालायचं म्हणजे तिचा शेवटचा श्वासही कोंडायचा.

हे जुनं झालं असंही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मिठीची पातळी वाढली तेव्हा कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधल्या शेकडो रहिवाशांना हलवावं लागलं. त्या दिवशी बाबांनी गॅसची शेगडी ओट्यावरून काढून पोटमाळ्यावर चढवली होती. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं नाही, पण शेगडी दोन दिवस वरच होती.

बाबांच्या घरात जुनं शिसवी कपाट आहे. त्याच्या दारावर माझ्या खांद्याइतक्या उंचीवर एक आडवी रेघ आहे, खाली लाकूड काळपट, वर मूळ रंगाचं. दोनदा पॉलिश केलं तरी ती जात नाही. भाचीने परवा पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. जमिनीपासून टेपने मोजली, १३२ सेंटिमीटर भरली, आणि तो आकडा वहीत लिहिला. पहिल्या पानावरचं वाक्य खोडून तिथे विहारपासून माहीमपर्यंतचा नकाशा काढतेय. धावपट्टीजवळची वळणं काढताना म्हणाली, “मावशी, नदी अशी चौकोनी कशी वळेल?”

बाबांनी तो मजकूर ज्या तीन ग्रुपवर पाठवला होता, तिथे आज सकाळी स्वतः लिहिलं: ‘कालचं चुकीचं होतं. धरण फुटलं नव्हतं.’ एका ग्रुपवर लगेच कुणीतरी विचारलं, पुरावा काय? त्यांनी वहीचं मागचं पान फोटो काढून टाकलं आहे.