दहापैकी साडेसहा

गेल्या रविवारी मला भूगोलात दहापैकी साडेसहा मिळाले. मी भूगोल शिकवते. एकोणीस वर्षं शिकवतेय, चार देशांत शिकवून झालंय, पाचव्या देशातल्या शाळेत रुजू व्हायला निघाले होते आणि वाटेत, विमानात, माझा पेपर झाला.

सीट मधली. खिडकीशी दहा वर्षांचा नातू, बाहेरच्या सीटवर त्याचे आजोबा, मध्ये मी. नातवाला ढग बघायचे होते, आजोबांना दर तासाला उठायचं होतं, त्यामुळे मधली सीट दोघांनाही नको होती. ‘मी सरकू का?’ असं दोनदा विचारलं. ‘छे छे, बसा तुम्ही, आम्हाला काही अडचण नाही,’ असं म्हणून त्यांनी माझ्या मांडीवरून नातवाला स्वेटर दिला.

मग त्यांनी विचारलं, काय करता? इथे मी चुकले. विमा विकते म्हणाले असते तर गृहस्थ नऊ तास डोळे मिटून पडले असते. मी खरं सांगितलं.

‘वा! मजा आहे, मॅडम. पगार घ्यायचा आणि जग फिरायचं. वर दोन महिने सुट्टी!’

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याला उत्तर देत नाही. पण इथे लिहायला कोण अडवतंय? जग मी पाहिलंय ते मुलांची डोकी मोजत. कझाकस्तानातल्या अल्माटीच्या वर, २,५०० मीटर उंचीवर एक तळं आहे. निळं की हिरवं यावर लोक वाद घालतात म्हणे. मला विचाराल तर ३८. गेटवर ३८, तळ्याकाठी ३७, बसमध्ये ३९ (एक दुसऱ्या शाळेचा). अदिस अबाबाच्या संग्रहालयात लूसीच्या सांगाड्याची प्रतिकृती आहे. लूसी म्हणजे माणसाच्या पूर्वजांपैकी एक, ३२ लाख वर्षांपूर्वीची, १९७४ साली सापडली. तिच्यासमोर मी चार सेकंद उभी राहिले. पाचव्या सेकंदाला कळलं की सहावी ब मधला एक मुलगा सापडत नाहीये.

आणि सुट्टी! ती दोन महिन्यांची सुट्टी कागदांमागे जाते. नव्या शाळेला, आधी जिथे जिथे राहिलात तिथल्या पोलिसांचं पत्र लागतं, की या बाईंनी काही केलेलं नाही. पदवी खरी आहे हे सांगणारा शिक्का लागतो. १९६१ साली हेगमध्ये देशांनी मिळून ठरवलं की अपॉस्टिल नावाचं एकच प्रमाणपत्र पुरे. मी पहिली नोकरी घेतली इथिओपियात. तो तेव्हा त्या करारात नव्हता. मग शिक्क्यावर शिक्का, तो शिक्का खरा आहे म्हणणारा आणखी एक शिक्का, शेवटी वकिलात. गंमत म्हणून सांगायला लागते आणि सांगता सांगता माझंच डोकं फिरतं. एकोणीस वर्षांत चार वेळा भांडीकुंडी वाटून टाकली. पेन्शन कुठल्याच देशात बसत नाही. दर जूनला एखादं पोर विचारतं, ‘पुढच्या वर्षी तुम्हीच ना?’, आणि आपण फळा पुसत राहतो.

असो. पेपर.

आजोबांनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं. सामान्यज्ञानाचं. मुखपृष्ठ गेलेलं, कडांना खाकी कागद. ‘ह्याला रोज दहा प्रश्न विचारतो मी. आज तो तुम्हाला विचारेल. त्यालाही कळू दे जग फिरलेलं माणूस कसं असतं.’ पुस्तक माझ्या नाकासमोरून नातवाकडे गेलं. समोरच्या खिशातली उलटीची पिशवी आजोबांनी घेतली, मांडीवर सपाट केली आणि तिच्यावर एक ते दहा आकडे घातले.

पहिले तीन प्रश्न किरकोळ होते. प्रत्येक उत्तराला आजोबा मान खालीवर करत. मी सोफियात सहा वर्षं काढली आहेत. बल्गेरियात मान खालीवर म्हणजे ‘नाही’ आणि आडवी हलवली तर ‘हो’. तिथे पहिल्याच आठवड्यात ‘समजलं का?’ विचारलं, मुलांनी मान आडवी हलवली, आणि मी मोसमी वारे चार वेळा शिकवले. तेव्हापासून समोरच्याने मान हलवली की माझ्या पोटात गोळा येतो.

चौथा प्रश्न : दक्षिण आफ्रिकेची राजधानी?

‘तीन आहेत,’ मी म्हणाले. ‘प्रिटोरियात सरकार, केप टाउनला संसद, ब्लोमफाँटेनला–’

‘थांबा. तीन-तीन उत्तरं दिली तर एखादं बरोबर येणारच की! एक सांगा.’

हे वाक्य माझं आहे. खाडाखोड करून दोन पर्याय लिहिणाऱ्या मुलांना मी ते शेकडो वेळा ऐकवलंय. निमूटपणे ‘प्रिटोरिया’ म्हणाले. आजोबांनी थोडा विचार करून अर्धा गुण दिला.

सहावा : नाउरूची राजधानी?

‘नाउरूला अधिकृत राजधानीच नाही.’

नातवाने पुस्तकात पाहिलं. ‘यारेन लिहिलंय.’

‘तो जिल्हा आहे. तिथे संसद आहे, म्हणून लोक–’

‘माहीत नसलं की “नाहीच” म्हणायचं,’ आजोबा म्हणाले. ‘हाही असंच करतो.’ नातवाने माझ्याकडे प्रथमच आपुलकीने पाहिलं. ‘होतं असं, ताई,’ आजोबांनी समजूत घातली. मी मॅडमवरून ताई झाले होते.

आठवा बुरुंडीचा. मी ‘गितेगा’ म्हणाले, पुस्तक ‘बुजुम्बुरा’ म्हणालं. शून्य. २०१९ पासून बदललंय, असं म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात ट्रॉली आली आणि तिघांचे ट्रे माझ्यावरून इकडेतिकडे झाले.

दहावा : कझाकस्तान.

आता हे ऐका. त्या देशात मी चार वर्षं शिकवलंय. अल्माटी ही जुनी राजधानी, १९९७ साली ती उत्तरेला हलवली. त्या गावाला आधी अक्मोलिन्स्क म्हणत, मग त्सेलिनोग्राद, मग अक्मोला. १९९८ साली आस्ताना केलं. कझाक भाषेत आस्ताना म्हणजेच राजधानी, तेव्हा वाटलं, चला, आता तरी हात लावणार नाहीत. मार्च २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष पायउतार झाले आणि त्यांच्या सन्मानार्थ झालं नूर-सुलतान. ऐन सत्रात. वर्गातल्या नकाशावर नव्या नावाची चिठ्ठी मी स्वतः स्टुलावर चढून चिकटवली. तीन वर्षं शिकवलं, प्रश्नपत्रिकेत घातलं, ‘आस्ताना’ लिहिणाऱ्यांचे गुण कापले. जून २०२२ मध्ये मी अल्माटी सोडली आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी पुन्हा आस्ताना केलं.

मला माहीत होतं. शपथेवर सांगते, माहीत होतं.

‘नूर-सुलतान,’ मी म्हणाले.

‘आस्ताना!’ नातू ओरडला. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं.

‘त्या देशात राहून आलात ना, बाळ?’ आजोबा हळूच म्हणाले. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे.

निकाल लगेच लागला. बरोबर उत्तरांवर त्यांनी टिकमार्क केले होते. जपानमध्ये बरोबरला गोल करतात, टिक म्हणजे चूक. तिथे पहिलीच चाचणी तपासून दिली तर वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी कागद उलटा करून मुकाट बसून राहिली होती. तिला पंचवीसपैकी पंचवीस होते. त्या हिशेबाने मला साडेतीनच पडत होते, म्हणून हा विषय मी काढला नाही. खाली आजोबांनी शेरा लिहिला : ‘भूगोल साधारण. सराव हवा.’ नातवाने पट्टी लावून रेघ ओढली आणि तिच्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘पालकांची सही’. पिशवी मला देण्यात आली.

मी पुस्तक मागून घेतलं. पहिल्या पानावर आवृत्तीचं साल होतं २०१६.

म्हणजे नूर-सुलतान झालं हे त्या पुस्तकाला कळलंच नव्हतं. ते एका जागी गप्प पडून होतं, तेवढ्यात राजधानी जाऊन परत आली, आणि पुस्तक बरोबर ठरलं. मी तिथे राहिले, स्टुलावर चढले, आणि चुकले. मी भराभर पानं उलटली. स्वाझीलँड सापडलं.

‘हे बघा,’ मी म्हणाले, आवाज जरा चढलाच, ‘स्वाझीलँड! २०१८ पासून त्या देशाचं नाव एस्वातिनी आहे.’

आजोबांनी चष्मा वर करून पान पाहिलं. ‘तिथे शिकवलंय तुम्ही?’

‘नाही.’

‘मग?’

मी पुस्तक मिटून दिलं. पट्टे बांधायची सूचना झाली. विमान खाली येताना दोनदा जोरात हललं आणि नातवाने खिडकीतून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. त्याची पिशवी त्याने आधीच चिठ्ठ्या करून फाडली होती. आजोबांच्या खिशात पिशवी नव्हती, कारण ती माझ्या हातात होती.

दिली.

‘थँक्यू, मॅडम,’ आजोबा म्हणाले.