'स्टेंट आहे म्हणजे रक्त येणारच' हे सगळ्यांना लागू नाही

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: डीजे स्टेंट (किडनीतून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या मूत्रवाहिनीत ठेवलेली बारीक नळी) असला की लघवीतून रक्त जाणारच, पाणी प्या, सीटी नॉर्मल असेल तर विषय सोडा, नाहीतर पोट फाडावं लागेल.

पहिला मुद्दा. मुतखड्यासाठी काही आठवडे स्टेंट टाकलेल्यांचं ठीक आहे, जिना चढला की गुलाबी लघवी होते आणि निवळते. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, त्यावर रेडिएशन आणि मग वर्षानुवर्षं स्टेंट बदलत राहणं, अशा बाईला कृपा करून हा मेसेज पाठवू नका. मूत्रवाहिनी ओटीपोटात उतरताना पायाकडे जाणाऱ्या इलियाक धमनीला ओलांडून जाते, रेडिएशनने तिथलं सगळं चिकटून कडक झालेलं असतं, आत स्टेंट आणि मागे धमनीचा ठोका, घासून घासून दोन्ही भिंती झिजतात आणि धमनी थेट मूत्रवाहिनीत उघडते, यालाच फिश्चुला म्हणतात. दुर्मिळ आहे, पण जीव जातो. आणि यातलं रक्त गुठळी बसली की थांबतं, त्यामुळे घरचे म्हणतात थांबलं ना, आणि मग एकदम भसाभसा सुरू होतं.

सीटी नॉर्मल? भोकावर गुठळी असली तर डाय (रक्तवाहिन्या फोटोत दिसाव्यात म्हणून सोडलेलं औषध) बाहेर पडतच नाही, सीटी अँजिओ (डाय देऊन केलेला रक्तवाहिन्यांचा सीटी) सोडा, कॅथलॅबमधली, म्हणजे धमनीत नळी घालून केलेली साधी अँजिओग्राफीही स्वच्छ येऊ शकते. म्हणून दाट संशय असेल तर धमनीत कॅथेटर (बारीक नळी) आणि मूत्रवाहिनीत वायर ठेवून मूत्रवाहिनीतला स्टेंट हळूच मागे ओढतात, त्याच क्षणी डाय सोडतात, आणि मग स्क्रीनवर धमनीतून मूत्रवाहिनीत जाणारी रेघ दिसते. हे मुद्दाम रक्त काढणं आहे, त्यामुळे रक्ताच्या पिशव्या, कव्हर्ड स्टेंट (धमनीत आतून बसवायची, कापडासारखं आवरण असलेली नळी), सर्जन सगळं तयार असेल तिथेच, वॉर्डात कधीच नाही.

पोट फाडणं आता बहुतेकदा लागत नाही. जांघेतून कव्हर्ड स्टेंट नेऊन धमनीतलं भोक आतून झाकतात, पायाचं रक्त चालू राहतं, गरज पडली तर इंटर्नल इलियाकमध्ये (इलियाक धमनीची ओटीपोटात जाणारी फांदी) ती बंद करणारी कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी टाकतात म्हणजे मागून रक्त येत नाही. पुढे इन्फेक्शन, ब्लॉक किंवा परत ब्लीडिंग होऊ शकतं म्हणून फॉलोअप सोडायचा नाही, आणि किडनीची लघवी पाठीतल्या नळीने काढली तर मूत्रवाहिनीत परत स्टेंट नको.

कॅज्युअल्टीत गेलात तर नुसतं 'लघवीत रक्त' म्हणू नका, रेडिएशन झालंय, स्टेंट कधीपासून आहे, रक्त येऊन थांबतंय हे सांगा आणि धमनीशी फिश्चुला आहे का असं स्पष्ट विचारा.