डी ड्राइव्ह उडाला? तो फॉरवर्ड पाळू नका

तालुक्यातल्या फोटो स्टुडिओवाल्यांच्या आणि सेतूवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: पार्टिशन (डिस्कचा सी, डी असा वेगळा केलेला भाग) चुकून डिलीट झालं तर घाबरू नका, लगेच तिथेच नवीन पार्टिशन बनवून फॉरमॅट मारा, चेकडिस्क (विंडोजमधलं ड्राइव्ह तपासायचं साधन) चालवा, रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर टाका, शंभर टक्के डेटा परत.

'घाबरू नका' तेवढं खरं. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेत कोणी उचलून नेत नाही. पार्टिशन डिलीट केलं की पार्टिशन टेबलातली, म्हणजे डिस्कवरच्या भागांच्या यादीतली, नोंद जाते. जुन्या एमबीआर पद्धतीत ती अवघ्या 16 बाइटची. फोटो, स्कॅन, टॅलीचा डेटा जागच्या जागीच असतो.

मग फॉरमॅट कशाला? क्विक फॉरमॅटने नवी फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडण्याची नवी व्यवस्था, बसते आणि जुन्या फाइलींची नावं-फोल्डर जिथे नोंदलेले असतात, त्या यादीच्या सुरुवातीवरच घाव बसू शकतो. 'क्विक'ची टिक काढली तर संपलंच: व्हिस्टापासून विंडोज पूर्ण फॉरमॅटमध्ये सगळीकडे शून्य लिहितं. एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या चिपवाल्या डिस्कवर, तर क्विकही महागात पडतं. विंडोज ट्रिमचा आदेश पाठवतं, एसएसडी ती जागा रिकामी समजते, आणि पुढे वाचायला गेलं की बहुधा शून्यच हाती येतं. मेसेजमध्ये एसएसडीचा उल्लेखही नाही. आजकाल नवा लॅपटॉप घ्या, आत तीच असते.

चेकडिस्कचं तर हसू येतं. डिलीट झालेल्या पार्टिशनला ड्राइव्हचं अक्षरच उरत नाही, ते तपासणार काय? नवं फॉरमॅट केलं असेल तर ते नवं, रिकामं घर तपासून 'सगळं ठीक' सांगेल.

सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर टाकणं, सापडलेल्या फाइली तिथेच सेव्ह करणं, म्हणजे ज्या जागेतून डेटा काढायचा तीच भरत जाणं. डिस्क काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा, आणि 'फॉरमॅट करायचं का?' असं विंडोजने विचारलं तर कॅन्सल.

मग आधी पूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्या. आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही, आणि एक टीबीची प्रत व्हायला तासन्‌तास लागतात. म्हणून लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे प्रत काढायचं साधन बरं. मॅपफाइल (प्रत कुठवर झाली त्याची नोंद) दिलेली असेल तर लाइन आल्यावर ते थांबलं तिथून पुढे सुरू करता येतं. नंतर त्या प्रतीवर टेस्टडिस्क हे हरवलेलं पार्टिशन शोधणारं सॉफ्टवेअर चालवा, फुकट आहे. हरवलेलं पार्टिशन दिसलं की 'पी' दाबून आत फाइली दिसतात का ते पाहा, त्या कॉपी करा; टेबल परत लिहिण्याची घाई नको. डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र यातलं काहीच करू नका. वीज काढा आणि डेटा रिकव्हरी लॅबला द्या.

राहिलं 'शंभर टक्के'. टेस्टडिस्कला यश आलं तर नावं-फोल्डरांसकट बरंच मिळतं. नाही आलं तर त्याचाच जोडीदार फोटोरेक फाइलीच्या सुरुवातीची खूण ओळखून फोटो शोधतो, पण नाव हातात येतं ते एफ आणि पुढे नुसते आकडे. सातबाऱ्याचे स्कॅन गेले तर महाभूलेखवरून उतारा पुन्हा काढता येतो. लग्नाचे फोटो आतल्या तारखेवरून बसून लावावे लागतात, आणि तुकड्यातुकड्यांत साठलेले मोठे व्हिडिओ बऱ्याचदा अर्धेच चालतात. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून ठेवा.