‘एक करदाता’ यांना उत्तर: शुक्रवार मान्य, बाकीचं नाही

‘एक करदाता’, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. उत्तर मुद्दाम सकाळवर ढकललं, कारण रात्री लिहिलं असतं तर ते इथे टाकण्यासारखं झालं नसतं. आत्ताचं तरी कितपत होतंय ते बघू.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीएसएनएल आणि मुंबई-दिल्लीची एमटीएनएल या सरकारी टेलिफोन कंपन्यांमधून ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी ब्याण्णव हजारांवर माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडली. बीएसएनएलची साधारण ७८,५००, एमटीएनएलची १४,३७८. मी त्याला ‘नोकरकपात’ म्हटलं आणि गेलेल्यांचं, राहिलेल्यांचं मन कसं खचलं त्यावर लिहिलं. त्यावर करदाते महाशयांचं म्हणणं असं: हे रडगाणं आहे, ही कपात नव्हतीच, योजना ऐच्छिक होती, कमाईतले पंचाहत्तर टक्के पगारावर घालवणारी कंपनी दुसरं काय करणार, खासगीत एका ईमेलवर माणसं घरी जातात, त्यांच्यावर कोणी लेख पाडत नाही, आणि ३१ जानेवारीला शनिवार नव्हता. मध्ये एक वाक्य आहे, ते जसंच्या तसं देते: “गलेलठ्ठ पैसे घेऊन आपखुशीने घरी बसलेल्या लाइनमन मंडळींचं कसलं आलंय मनोबल?” आणि अगदी शेवटी एक वाक्य माझ्या घरच्यांवर. त्याच्याकडे येतेच.

आधी शनिवार. तुमचं बरोबर आहे, त्या दिवशी शुक्रवार होता. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे. आमच्या घरात लक्षात राहिला तो दुसरा दिवस, १ फेब्रुवारी, म्हणून हात शनिवारकडे गेला असावा. पण चूक ती चूक. आभारी आहे. असे वाचक असले की वार तरी तपासून मिळतात.

आता ‘रडगाणं’, ‘लेख पाडणं’, ‘गलेलठ्ठ’ आणि ‘मंडळी’. एवढ्याशा प्रतिक्रियेत एवढी शब्दसंपदा! मी गेली सहा वर्षं इथे लिहिते आहे. खूप लोकांनी माझे मुद्दे खोडले, काहींनी तर असे खोडले की मी लेखच मागे घेतला. पण मुद्दा खोडणं वेगळं आणि समोरच्याला टपली मारणं वेगळं. ऐच्छिक होती असं म्हणायचं असेल तर म्हणा की. त्यासाठी ‘लाइनमन मंडळी’ हे भजनी मंडळी म्हटल्यासारखं कशाला? त्या ब्याण्णव हजारांत अभियंते होते, हिशोबनीस होते, १९८ वर तक्रारी घेणाऱ्या बायका होत्या. पण नाही, तुम्हाला लाइनमनच दिसला. खांबावर चढलेला माणूस लांबून दिसतो म्हणून असेल.

“कसलं आलंय मनोबल?”

सांगते. ‘आपखुशीने’ या शब्दापासून सुरुवात करू, कारण तुमचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, तेही थेट ४जी घेऊन. बीएसएनएलकडे ४जीसाठी स्पेक्ट्रम, म्हणजे सरकारने द्यायच्या रेडिओलहरींचा पट्टा, नव्हता. दुकान उघडं, समोर गिऱ्हाईक उभं, आणि मालक म्हणतो माल नंतर बघू. फेब्रुवारी २०१९ मध्ये बीएसएनएलच्या कर्मचाऱ्यांनी तीन दिवसांचा संप केला. मागण्या काय होत्या माहीत आहे? पगारवाढ होती, पेन्शन होतं, ते असतंच. पण त्याच यादीत ‘आम्हाला ४जी द्या’ हीही मागणी होती. धंद्याला लागणारा माल मालकाने द्यावा म्हणून नोकरांनी संप करायचा! तुमच्या खासगीत असं कधी पाहिलंत का? बरं, त्याच महिन्याचा पगार वेळेवर झाला नाही. बीएसएनएलच्या इतिहासात पहिल्यांदा. ज्या लोकांनी महिन्याच्या शेवटच्या तारखेवर घराचे हप्ते बांधलेले असतात, त्यांनी मार्च अर्धा होईस्तोवर बँकेचे मेसेज बघत बसायचं.

मग २३ ऑक्टोबर २०१९. मंत्रिमंडळाने जवळजवळ ६९ हजार कोटींचं पुनरुज्जीवन पॅकेज मंजूर केलं. त्यात ४जी स्पेक्ट्रम होता. ज्याच्यासाठी संप केला तो. आणि त्याच पाकिटात पन्नाशी ओलांडलेल्यांना घरी पाठवायची योजनाही होती. ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर, महिनाभर खिडकी उघडी. या महिन्यात संघटना उपोषणाला बसल्या, कारण त्यांचा आरोप होता की अर्ज भरला नाहीत तर निवृत्तीचं वय ५८ वर आणू अशी भीती लोकांना घातली जाते आहे. आरोप खरा की खोटा हे बाजूला ठेवा. कित्येक महिने पगाराची तारीख हलते आहे, ग्राहक रोज कमी होत आहेत, कॅन्टीनमध्ये रोज नवी आवई, आणि अशात समोर एक अर्ज येतो. त्याच्यावरच्या सहीला तुम्ही ‘आपखुशी’ म्हणणार. पाणी गळ्याशी आल्यावर माणूस घर सोडतो, तेही आपखुशीनेच सोडतो की. कोणी उचलून बाहेर नेत नाही.

४जी नंतर आलंच म्हणा. २७ सप्टेंबर २०२५ ला. घरी गेलेल्यांनी ते टीव्हीवर पाहिलं.

तर तुमचं ते शेवटचं वाक्य: “लेखिकेच्या घरातलं कोणीतरी या सरकारी जावयांपैकीच असणार.”

हो, आहेत. माझे बाबा. लेखात लिहिलं नव्हतं, कारण त्यांनीच बजावलं होतं की माझं काही लिहू नकोस. आता तुम्हीच विषय काढलात म्हणून त्यांना विचारून लिहिते आहे. ते केबल जॉइंटर होते. एकविसाव्या वर्षी रोजंदारीवर लागले, तेव्हा मुंबईत फोनसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत होते. आम्ही मुलुंडला राहायचो. जेली केबल म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसेल. तारांमध्ये पाणी शिरू नये म्हणून आत पेट्रोलियम जेली भरलेली असते. खड्ड्यात उतरून शेकडो जोड्या एकेक करून जोडायच्या. घरी आले की बाबा मोरीत आधी रॉकेलने हात धुवायचे, मग साबणाने, आणि तरी जेवताना त्यांच्या बोटांना तो वास असायचाच. जोड्या ओळखायला रंग असतात. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. आणि त्यांचे जोडीदार निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. मला हे बाराच्या पाढ्याच्या आधी पाठ होतं. पहिली जोडी पांढरा-निळा, पंचविसावी जांभळा-राखाडी. आजही झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

शेवटची काही वर्षं ते एक्स्चेंजमध्ये एमडीएफवर होते, म्हणजे जिथे बाहेरून आलेल्या सगळ्या तारा एका मोठ्या लोखंडी सांगाड्यावर येऊन बसतात तिथे. नवीन फोन दिला की तिथे एक जंपर, म्हणजे जोडणारी तार, टाकायचा, फोन परत केला की काढायचा. एकदा जेवताना म्हणाले, “पूर्वी दिवसभर जंपर टाकायचो, आता दिवसभर काढतो.” पुढे काही बोलले नाहीत, भात कालवत राहिले. तुम्ही मनोबल कसलं म्हणून विचारलंत ना, ते हे. पगाराचा यात काही संबंध नाही. तीस वर्षं जे आपल्या हाताने जोडलं तेच आपल्या हाताने सोडवत बसायचं, आणि वर गाडीत कोणीतरी म्हणणार, तुमचं काय बुवा, सरकारी नोकरी!

अर्ज त्यांनी २ डिसेंबरच्या रात्री भरला. आठवडाभर एका लग्नपत्रिकेच्या मागे हिशोब चालला होता. झालेल्या नोकरीच्या दर वर्षाला ३५ दिवसांचा पगार, राहिलेल्या दर वर्षाला २५ दिवसांचा. आई म्हणत होती, तीनच वर्षं राहिलीत, काढा. मी म्हणत होते, घ्या आणि सुटा. बाबा पुनःपुन्हा तोच गुणाकार करत होते, जणू एखाद्या वेळी उत्तर वेगळं येईल.

आता ‘गलेलठ्ठ’. पैसे वाईट नव्हते, हे मी कधी नाकारलं? माझ्यापेक्षा कितीतरी चांगले मिळाले त्यांना. कारण, करदाते, मलाही काढलेलं आहे. खासगीत एका ईमेलवर जातात म्हणता, माझी तर ईमेलसुद्धा नंतर आली. मार्च २०२३. कंपनीचं नाव देत नाही. नऊ मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आम्ही चाळीसेक जण, सगळे म्यूटवर. बोलणाऱ्या बाई ‘तुमचं योगदान’ म्हणाल्या तेव्हा त्यांच्या मागे त्यांचं मांजर फिरत होतं. कॉल संपला आणि लॅपटॉप पासवर्ड घेईना. बाबा तेव्हा घरी होते. त्यांनी चहा टाकला आणि विचारलं, “वर्षाला किती दिवसांचा हिशोब लावला?” मी हसले की रडले आता आठवत नाही. तेव्हा खासगी नोकरी म्हणजे काय याची शिकवणी मला कृपा करून घेऊ नका. मी दोन्ही घरं पाहिलेली आहेत, तीही एकाच घरात. आणि खासगीत माणसाला कचऱ्यासारखं टाकतात, म्हणून सरकारनेही तसंच टाकावं आणि वर कोणी हूं की चूं करू नये, हा कुठला न्याय?

राहिला पंचाहत्तर टक्क्यांचा मुद्दा. आकडा बरोबर आहे. बीएसएनएलचा तेवढाच होता, एमटीएनएलचा त्याहून जास्त. पण कमाई आटली की पगाराचा टक्का फुगतोच, त्याला फार मोठं गणित लागत नाही. २००४-०५ मध्ये याच बीएसएनएलचा नफा दहा हजार कोटींच्या वर होता, आणि तेव्हा माणसं तीन लाखांहून जास्त होती. बाकी त्या विषयावर पुन्हा कधीतरी लिहीन, आज त्यात शिरत नाही.

चहापाण्याशिवाय फोन सुरू न करणाऱ्या लोकांबद्दलही तुम्ही एक ओळ टाकली आहे. होते. नव्हते असं कोण म्हणतंय? बाबाही त्यांची नावं घेऊन सांगतील. पुढे?

उलट जिथे मला खरंच धरायला हवं होतं तिथे तुमचं लक्षच गेलं नाही. ज्यांना कुठलाही अर्ज नव्हता, ना ३५ दिवस ना २५, त्या कंत्राटी कामगारांवर मी अख्ख्या लेखात एकच ओळ लिहिली आहे. २०१९ मध्ये बीएसएनएलच्या कंत्राटी कामगारांचे पगार महिनोन्महिने थकले होते, आणि त्यांतले कितीतरी जण स्वेच्छा-अनिच्छा विचारायला कोणी न येताच घरी बसले. ती एक ओळ कमी आहे हे मला लिहिताना कळत होतं. तुम्ही मात्र कॅलेंडर उघडून बसलात.

मागे राहिलेल्यांचं विचारलं नाहीत, तरी सांगते. एमटीएनएलमध्ये उरले चार हजारांच्या आसपास, बीएसएनएलमध्ये जेमतेम निम्मे. सोमवारी, ३ फेब्रुवारीला, बाबांच्या एका तरुण सहकाऱ्याचा फोन आला की अमुक पिलरची, म्हणजे रस्त्याकडेच्या केबलपेटीची, कुठली केबल कुठे जाते. बाबांनी पंधरा मिनिटं न बघता सगळं सांगितलं. तसे फोन पुढे वर्षभर येत होते. आई वैतागायची. बाबा मात्र फोन वाजला की टीव्हीचा आवाज आधी बंद करायचे आणि मग उचलायचे.

आणि एकदा, पावसाळ्याआधी, सोसायटीने गटार खोदलं त्यात केबल तुटली. अख्ख्या विंगचे फोन बंद. शेजारचे काका आले, “चला ना, तुमचंच काम आहे.” बाबा खाली गेले, खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले, बराच वेळ बघत राहिले. हात लावला नाही. म्हणाले, “आता मला अधिकार नाही.” दुसऱ्या दिवशी ठेकेदाराची दोन पोरं आली तेव्हा हे गॅलरीतून रंग सांगत होते.

तुमची प्रतिक्रिया मी उडवणार नाही. ‘सरकारी जावई’ही तसंच राहू दे, लोकांना वाचू दे. बाबांनीही वाचली काल. मला वाटलं चिडतील. चष्मा वर करून दोनदा वाचली आणि म्हणाले, “शुक्रवारचं बरोबर आहे त्याचं.” मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून ओरडून म्हणाले, की त्याच्याकडे लँडलाइन आहे का विचार.

असेल तर कळवा.