अर्दबीलचे दोन दिवे आणि 'मुद्दाम ठेवलेली चूक'

इराणातल्या अर्दबीलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सोळाव्या शतकातल्या गालिच्यावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. "अर्दबीलच्या गालिच्यावर एवढं लिहिलंत, पण 'परिपूर्ण फक्त ईश्वर, म्हणून विणकर मुद्दाम एक चूक ठेवतो' हे गाळलंत. दोन दिवे लहानमोठे आहेत, आणखी पुरावा काय हवा?" हा तुमचा पहिला आक्षेप. गाळलं ते जाणूनबुजून. मला ती गोष्ट पटत नाही.

मधल्या पिवळ्या चक्राच्या दोन बाजूंना दिवे लोंबतात, एक मोठा, एक लहान. हात चुकून हे झालेलं नाही, इथवर आपलं जमतं. चौरस सेंटिमीटरला पन्नासच्या वर गाठी बसवणाऱ्यांच्या हातून अख्खा दिवा नकळत फुगत नाही. आराखड्यातच तो तसा असणार. पण का? लहान दिव्याच्या टोकाशी बसलं की दोन्ही सारखे दिसावेत म्हणून, असंही काहीजण म्हणतात. त्या काळच्या इराणात अशी युक्ती आणखी कुठे दिसत नाही, म्हणजे तोही अंदाजच. मग दोन अंदाजांतला तुमचा तेवढा पुरावा कसा?

आणि नम्रता तर या गालिच्यावर उघड विणलेली आहे. एका टोकाच्या चौकटीत फारसी कवी हाफिजच्या ओळी आहेत: तुझ्या उंबरठ्यावाचून मला जगात आसरा नाही. खाली 'या दाराचा दास मकसूद काशानी' ही सही आणि हिजरी ९४६, म्हणजे १५३९-४०. एवढं स्वच्छ सांगून झाल्यावर तेच पुन्हा दिव्यात कशाला लपवायचं?

जुन्या गालिच्यांत उणिवा मुद्दाम ठेवाव्या लागतच नाहीत. लोकर थोडीथोडी रंगवतात. एक खेप संपली की पुढचीची निळाई जरा फिकी निघते आणि गालिच्याच्या जमिनीत आडवा पट्टा उमटतो. त्याला अबराश म्हणतात. भटक्या टोळ्यांच्या गालिच्यांत तर काठ कोपऱ्यात वळताना नक्षीचं गणित फसतं आणि फूल अर्ध्यातच कापलं जातं. दुकानदार त्याला अध्यात्म चिकटवून भाव वाढवतो, तो भाग वेगळा.

दुसरा आक्षेप: इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसचं कौतुक केलं, पण हा गालिचा जोडीतला, त्यातला दुसरा कापला गेला त्याचं काय? ते कापणं मलाही खटकतं. पण ते मॉरिसच्या माथी मारू नका. त्याच्या शिफारशीवरून लंडनच्या संग्रहालयाने १८९३ मध्ये २,००० पौंडांना हा गालिचा घेतला, तोवर दुसऱ्याचे तुकडे लावून त्याची दुरुस्ती उरकली होती. तो दुसरा, काठ गेलेला आणि आखूड झालेला, आता लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे.