कात टाकली म्हणून एका कोळ्याचे दोन होत नाहीत

‘कोकणातल्या सर्व कुटुंबांनी सावध व्हा’ अशी सुरुवात आणि शेवटी हात जोडल्याची चित्रं. टॅरँटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळणाऱ्यांविरुद्धचा हा संदेश फिरत फिरत देवगडच्या मावशीपर्यंत गेला आणि तिने नातवाला फर्मान सोडलं, ‘संध्याकाळच्या आत तो कोळ्याचा डबा घराबाहेर.’ संदेशातले दावे असे: कात टाकली की एका कोळ्याचे दोन होतात. चावला की माणूस अर्ध्या तासात जातो, म्हणून जागा ब्लेडने चिरून चुना भरा. केसांनी आंधळेपणा येतो. खाऱ्या हवेत तो दुप्पट वाढतो. आणि पाळणं गुन्हा आहे.

पहिल्यावर मावशीचा विश्वास बसला याचं नवल नाही. तिने डब्यात दोन पाहिले होते. आठ पाय, केस, सुळे, सगळं जागच्या जागी. मावशे, दुसरो कोळी खंयचो? ती कात आसा गो! कोळ्याला हाडं नसतात. बाहेरचं कवच हाच सांगाडा, आणि कवच काही वाढत नाही. म्हणून तो आधी खाणं सोडतो, जाळ्याची चटई विणतो आणि तिच्यावर उताणा होतो. पाठीवरचं कवच उचकटतं आणि घट्ट हातमोज्यातून बोटं काढावीत तसे आठही पाय तो बाहेर ओढून घेतो. सुळ्यांचं कवच, जठराचं अस्तर, श्वसनाच्या पुस्तक-फुप्फुसांचं (पुस्तकाच्या पानांसारखे थर असलेल्या फुप्फुसांचं) अस्तरसुद्धा टाकून देतो. म्हणून तर पाळणारे ती कात भिंगाखाली धरतात. पोटाकडच्या भागातलं अस्तर पाहून मादी ओळखता येते. तुटलेला पाय पुढच्या कातीला पुन्हा फुटतो, जरा बारीक असतो इतकंच.

या उताण्या कोळ्याबद्दल संदेशात काय लिहिलंय? ‘मेल्याचं सोंग घेतो, तेव्हाच ठेचा.’ अरे, त्या वेळी त्याला स्वतःचा बचावही करता येत नाही! नवे सुळे पांढरे आणि मऊ असतात, कडक व्हायला काही दिवस जातात. डब्यात खाऊ म्हणून सोडलेला रातकिडा राहिला, तर तोच त्याला कुरतडतो.

चाव्याचं म्हणाल, तर २००३ साली ‘टॉक्सिकॉन’ या विषशास्त्राच्या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या टॅरँटुला कुळातल्या कोळ्यांच्या चाव्यांचा अभ्यास आला. नऊ माणसं, सात कुत्रे. कुत्रे सातही मेले. माणसांपैकी कुणीही गेलं नाही. दोन प्रसंगांत तर कुत्र्यापाठोपाठ त्याच कोळ्याने मालकालाही चावलं होतं आणि मालकाला विशेष काही झालं नाही. कुत्र्यांची बातमी माणसांच्या नावावर खपवली, की झाला संदेश तयार. हं, आपल्या सह्याद्रीतल्या झाडांवरच्या पोइसिलोथेरिया जातीच्या टॅरँटुला चावल्या तर स्नायूंत पेटके येतात, कधी कधी काही दिवस टिकतात. उगाच हात घालू नये हे खरंच. पण ब्लेड आणि चुना? कोळ्याने न केलेली जखम तुम्ही करणार, वर तिच्यात चुना भरणार. साबण-पाण्याने धुवा, थंड पट्टी ठेवा, पेटके आले तर डॉक्टरकडे जा.

केसांचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. नातवाच्या डब्यातला मेक्सिकन रेड-नी जातीचा टॅरँटुला चिडला की पोटावरचे केस झाडतो, त्यांनी खाज सुटते आणि डोळ्यात गेले तर डॉक्टर गाठावाच लागतो. म्हणून डबा उघडताना तोंड त्याच्यावर न्यायचं नाही. भारतातल्या टॅरँटुलांना असले केसच नसतात.

खाऱ्या हवेचं सोडूनच द्या. खाणं आणि ऊब यांवर वाढ ठरते.

उरला कायदा. रेड-नी काय, पोइसिलोथेरिया काय, दोघेही साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्यांच्या व्यापारावर नियंत्रण आहे, आणि भारतातल्या २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. नातवाने ती केलीय, कागद घरात आहे. सह्याद्रीतल्या ढोलीतून कोळी उचलून कुणी विकायला काढला, तर मात्र त्याच्याविरुद्ध खुशाल संदेश लिहा. तो मी स्वतः पुढे पाठवीन.